बारावी प्रत

भिंगमावशीने लग्न जमवण्यासाठी एकोणतीस पुरुषांना पत्रं पाठवली, असं तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं होतं. "मला काय करायचंय म्हणा," असं आधी म्हणून मग त्या पाऊण तास तेच सांगायच्या. "पण एकोणतीस, बाई! एखाद-दुसरा समजू शकते."

पत्रं खरी होती, आकडाही खरा होता. लग्न तेवढं काकूंच्या पदरचं.

मावशी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासते. दिवसभर काचेच्या कडा, पाण्याची धार आणि यंत्राची घरघर. "लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून डोळे फोडते," ती म्हणते, "घरी तरी काहीतरी धूसर बघू दे की." म्हणून वीस वर्षांत तिने सहा अमूर्त चित्रं जमवली. सगळी छापील, मोजक्याच प्रतींची. पहिलं चित्र म्हणजे नुसता करडा ढग आणि खाली पिवळी पट्टी. त्याच्या तीस प्रती निघाल्या, मग चित्रकाराने छपाईची जाळी धुऊन टाकली. मावशीच्या चित्राखाली पेन्सिलीने लिहिलंय, १२/३०.

म्हणजे हाच ढग आणखी एकोणतीस घरांत आहे, हे तिच्या डोक्यातून जाईना. चित्रं विकणाऱ्या दालनाने पत्ते दिले नाहीत, पण पत्रं पोचती करायचं कबूल केलं. मावशीने लिहिलं, 'माझ्याकडे बारावी प्रत आहे. साडेनऊचं ऊन आलं की पिवळी पट्टी दिसेनाशी होते. तुमच्याकडे कसं?'

आठ महिने कुणी हूं की चूं केलं नाही. कामावरून आली की ती पत्रपेटी उघडायची. पेटी रिकामी आहे हे समोर दिसत असूनही आत हात घालून कोपरे चाचपायची. मग वर जाऊन एकटीचा चहा टाकायची आणि तो उकळेपर्यंत ढगाकडे बघत राहायची.

अकरा दिवसांपूर्वी एक गृहस्थ चादरीत काहीतरी गुंडाळून आले. सतराव्या प्रतीच्या मालकाचा मुलगा.

"बाबा गेले. घर रिकामं करतोय. खणात तुमचं पत्र मिळालं. उत्तर लिहायला घेतलं होतं त्यांनी."

"काय लिहिलं होतं?"

"'सकाळी नाही, संध्याकाळी.' बस, एवढंच."

मावशीने खुर्चीवरची उशी उगाच सरळ केली.

"हे तुम्हीच ठेवा," तो म्हणाला. "आमच्यात कुणाला काही कळत नाही. मला तर भिंतीला ओल आल्यासारखं वाटतं." एवढ्यात खालून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि तो गाडी बाजूला घ्यायला गेला.

मावशीने दोन्ही चित्रं सोफ्यावर शेजारी शेजारी टेकवली. सतराव्याची पट्टी जरा जास्त पिवळी होती. तिने त्या पट्टीवरून, काचेला न टेकवता, बोट फिरवलं. फुलपात्र परत द्यायच्या निमित्ताने शेजारून आलेली मी मघापासून दारातच उभी होते.

"मावशी, तुम्ही ठेवून घेणार. लावा पैज."

"लावली. हरलीस तर जिन्यात माझी नक्कल करतेस ना, ती महिनाभर बंद."

तो परत आला तेव्हा सतरावं चित्र पुन्हा चादरीत होतं, गाठीसकट.

"संध्याकाळचं ऊन येईल अशी भिंत आहे तुमच्याकडे?"

"आहे. पण तिथे टीव्ही आहे."

"त्याच्या शेजारी लावा. काय दिसतं ते मला लिहा."

"अहो, मला खरंच त्यातलं कळत नाही."

"कळायला कुठे सांगतेय? बघा आणि लिहा."

तो चित्र काखेत मारून, जिन्याच्या कठड्याला आपटणार नाही अशा बेताने उतरला. मावशी त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत दारात उभी.

"फुकट मिळत होतं की," मी म्हटलं.

"दोन्ही माझ्याच घरात राहिली, तर मी वाट कुणाची बघू?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

त्याचं पत्र अजून आलेलं नाही. पैजेचा महिना संपायला अजून एकोणीस दिवस आहेत.