बिनउंबऱ्याचं घर

सोलापुरातल्या एका वाक्याचा मला मनापासून वीट आला आहे. "त्यात काय, उचलून घेऊ की." घरमालक म्हणतो, बिल्डरचा माणूस म्हणतो, ओळखपाळख नसलेला रिक्षावालाही म्हणतो. म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं, हे मला कळतं. पण उचलणाऱ्याचा एक हात काखेत आणि दुसरा गुडघ्याखाली असतो, साडी पोटरीवर सरकलेली असते, त्याच्या तोंडाला माव्याचा वास येत असतो, आणि वर तो हसून म्हणतो, "लई हलकी हाय की ताई तुमी." मी पंचेचाळिशी ओलांडलेली बाई आहे. मी गव्हाचं पोतं नाही.

लहानपणी पोलिओ झाला. आधी कुबड्या होत्या, नंतर खांदे कुरकुरायला लागले तेव्हा चाकाची खुर्ची आली. टॉवेलच्या कारखान्यांसाठी कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. तुम्ही सकाळी ज्या मोरांना तोंड पुसता, त्यातले काही मोर माझे आहेत. काम घरी बसून होतं, तेव्हा मला लागतं तरी काय? एक खोली, जिच्यात मी माझी मी जाऊ आणि येऊ शकेन. एवढं मागणं या शहराला जड गेलं.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. धाकटा भाऊ मला पाठीवर घेऊन उतरवायचा. मग त्याची पाठ गेली, आणि पाठोपाठ नोकरीसाठी तोही पुण्याला गेला. त्याला मी दोष देत नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, आणि मी मागे राहिलो. तो अख्खा उन्हाळा मी खाली उतरले नाही. पत्र्याखाली, माळ्यावर टाकलेल्या जुन्या ट्रंकेसारखी पडून होते. उचलून घेऊ म्हणणाऱ्यांपैकी एकजणही जिना चढून आला नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

पावसाळ्यापासून मी जिन्यावर बसून एकेक पायरी घसरत उतरू लागले आणि अव्वा मागून खुर्ची खाली आणायची. घरं बघायला अव्वा पुढे जायची. परत आली की मी विचारायचे, "पायऱ्या?"

"न्हाईत गं. तळमजला हाय."

रिक्षा करून जावं, तर दाराला तीन पायऱ्या. अव्वा चकित होऊन बघायची. "ह्याला काय पायऱ्या म्हंत्यात व्हय?" तिला त्या दिसतच नसत. ज्याचे पाय चालतात त्याला पायरी दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या बाईलाही दिसू नये, याचा मला राग यायचा. आणि मी तो तिच्यावर काढायचे.

एका ठिकाणी मालक म्हणाला, मागच्या बाजूनं या, तिकडं सपाट आहे. सपाट होतं, पण गटाराला लागून, संडासाच्या भिंतीकडेनं. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी मला पाणी दिलं आणि मायेनं सांगितलं, "रोज सकाळी दार उघडलं की हेच बघायचं, बरं न्हाय वाटत ओ." मी पाणी प्यायले नाही. जुळे सोलापूर या नव्या वस्तीत लिफ्टच्या इमारती आहेत. त्यांचं भाडं भरायचं तर माझे सगळे मोर विकून वर हत्तीही विकावे लागले असते. आणि त्यातल्या एका लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या चढाव्या लागत होत्या.

मग सरकारी घरकुलात माझा नंबर लागला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑफिस तेवढं तळमजल्यावर होतं, म्हणून मी स्वतः गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, नंबर लागला हे काय कमी आहे? बिल्डिंगमधली पोरं उचलून घेतील की."

मी खुर्ची मागे घेतली, त्यांच्या केबिनच्या दारात आडवी लावली आणि ब्रेक दाबले. कुणाला आत जाता येईना, कुणाला बाहेर पडता येईना. साहेबांची जेवायची वेळ झाली. ते उठून म्हणाले, "मॅडम, जरा बाजूला व्हा."

"उचलून घ्या की," मी म्हणाले.

त्यांनी उचललं नाही. सरकारी माणूस बाईला हात लावायला घाबरतो, हा एकच फायदा. पुढे बरेच खेटे घालावे लागले, पण वाऱ्यासाठी वरचा मजला हवा असलेले एक म्हातारे गृहस्थ निघाले आणि त्यांचं तळमजल्याचं घर मला मिळालं. गवंड्याला मी डोकं उठेपर्यंत सांगितलं. दाराला उंबरा नको, मोरीला कट्टा नको, बाहेर उतार हवा. त्यानं तसंच केलं. रिकाम्या घरात मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. कुणी बघत नव्हतं. मी लहान पोरीसारखी रडले.

वास्तुशांतीच्या दिवशी एका ऑर्डरपायी मला निघायला उशीर झाला. पोचले तेव्हा पाहुणे आत जमले होते, पूजा सांगणारे स्वामी पाटावर बसले होते आणि चौकटीला झेंडूचं तोरण होतं. चौकटीखाली उंबरा होता. सागवानी, चार बोटं उंच, हळदीनं माखलेला, त्यावर विभूतीचे पट्टे. अव्वानं अक्कलकोटकडच्या, तिच्या माहेरच्या सुताराकडून तो घडवून आणला होता आणि त्याच गवंड्याकडून मला न सांगता बसवून घेतला होता. मला चकित करायचं होतं तिला. तिचा चेहरा फुलला होता.

"होस्तिल इल्लद मनि, मनिच अल्ल," ती म्हणाली. अव्वा फार आनंदात किंवा फार रागात असली की कन्नडवर जाते. उंबऱ्याशिवाय घर म्हणजे घरच नव्हे.

"अव्वा, मी आत कशी येऊ?"

तिनं उंबऱ्याकडे पाहिलं, मग चाकांकडे. तिच्या खरोखरच ध्यानात आलं नव्हतं. तेवढ्यात मामेभाऊ बाह्या सारत पुढे आला. "ताई, उचलून घेतो की."

मी ब्रेक दाबले. "हा काढा."

"शुभ कामात तमाशा करू नगंस," अव्वा म्हणाली. "चार बोटं तर हाय. पुजलेला उंबरा उपटल्यावर काय हुतंय, ठावं हाय का तुला?"

"मी आत येईन. एवढंच होईल."

कुणी हलेना. शेवटी स्वामींनीच घड्याळ पाहिलं. "काढा बाबा. मला अजून वळसंगला जायचंय."

गवंडी जेवायला म्हणून आला होता, त्याला छिन्नी-हातोडा आणायला जावं लागलं. लाकूड सरळ निघालं नाही, फुटून निघालं. अव्वानं हळद लागलेले तुकडे पदरात गोळा केले आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाईट वाटलं. पण राग त्याहून मोठा होता आणि तो अजून गेलेला नाही. पाहुण्यांसमोर, कुणाचाही हात न लागता, मी माझ्या घरात गेले.

आता अव्वा रोज पहाटे त्याच जागी, सपाट फरशीवर, हळदीचा पट्टा ओढते, विभूती लावते, कुंकू वाहते. मी दूध आणायला जाते आणि येताना चाकं त्यावरून आत येतात.

"लक्ष्मीवरनं चाक नेतीस? जरा बाजूनं ने की."

"जन्मभर बाजूनंच गेले, अव्वा. इथं मधूनच जाणार."

ती फडकं घेऊन माझ्या मागं मागं ओट्यापर्यंत हळदीची रेघ पुसत येते, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच पुन्हा हळद लावते.