खाडीच्या माथी मारलेली मरणं

माझा मुलगा चुलत बहिणीच्या हळदीत नाचता नाचता पडला आणि मेला. ऐन तरुण होता. प्यायलेला नव्हता. ठाण्याच्या इस्पितळात त्याला कापून पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवराबायकोला समोर बसवलं.

"त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हे रक्तातून येतं. आईबापांनी, भावंडांनी तपासून घ्यायला हवं. घरात आणखी कोणी असं अचानक गेलंय?"

"नाय," नवरा म्हणाला.

"तुमचा धाकटा भाऊ?" मी म्हटलं.

"तो खाडीत बुडाला."

"पोहता येत नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

कोळ्याच्या पोराला पोहता येतं का, असं आम्हाला कोणी कधी विचारलं नव्हतं. दीर गेला तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला कोलशेतला आमच्या बाजूला गुडघाभर पाणी, बाकी चिखल. पण जाळ्यावर गेलेला माणूस मेला की आम्ही खाडीने नेला म्हणायचो, नारळ सोडायचो आणि पुढे कोणी विचारायचं नाही.

तेरावं झाल्यावर मी सासूला गाठलं. ती कोलंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझा सासरा तर अंगणातच पडला. आम्हीच सांगितलं, खाडीत गेला."

"मला का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बापाने दिली असती तुला? अशा घरात कोण पोरगी देतो गो?"

तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आता आम्हाला एक मुलगीच उरली होती. तिचं लग्न डोंबिवलीला मानपाड्यात ठरलेलं. नवरा म्हणाला, "लग्न होऊ दे, मग तपासू."

"म्हणजे मला फसवलंत तसं त्यांनाही फसवायचं?"

"पोरीचं वाटोळं करशील तू."

बाजाराला जातो सांगून मी मुलीला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आणलंत. तुमच्या मिस्टरांना त्यांच्या तपासणीच्या वेळीच म्हटलं होतं, मुलीला लवकर आणा."

"त्यांची तपासणी?"

मला ठाऊक नाही हे बघून बाईंनी त्याचे कागदच माझ्यापुढे ठेवले. नवरा एकटा येऊन ईसीजीची पट्टी, छातीची सोनोग्राफी सगळं करून गेला होता. त्याच्यातही तो आजार निघाला होता. गोळ्याही चालू होत्या. मला मात्र घरात एक गोळी दिसली नव्हती.

मुलीचंही हृदय तसंच निघालं.

नवरा होडीला डांबर लावत होता. मी विचारलं, "गोळ्या कुठे ठेवता?"

त्याने कुंचला डब्यात ठेवला. मग म्हणाला, "होडीत. भीती वाटली गो."

"स्वतःची वाटली. पोरीची नाय वाटली?"

"तिचं लग्न मोडलं असतं."

लग्न मोडलंच. मुलगी स्वतः म्हणाली, "आये, मीच सांगते त्यांना," आणि मानपाड्याला जाऊन तिने सांगितलं. त्यांनी चहा पाजला, चार गोड शब्द बोलले आणि मागून नकाराचा निरोप पाठवला.

"झालं तुझ्या मनासारखं?" नवऱ्याने विचारलं.

त्या दिवसानंतरही मी त्याला जेवायला वाढलं, कपडे धुतले, आजारपण काढलं. पण हा माणूस माझ्या मुलांचा बाप आहे, असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.