ड्रमवाल्याचं घड्याळ

माझी आत्या जुनी ऑटोमॅटिक घड्याळं दुरुस्त करते. स्वभावाने इतकी काटेकोर, की कुणी "पाच मिनिटांत आलोच" म्हटलं तर ती खरोखर घड्याळ लावून बसायची. त्यामुळे आलेली स्थळं आल्या पावली परत जायची.

एकदा दुकानात एक ड्रमवाला आला. वडिलांचं घड्याळ पुढे करत म्हणाला, "हात हलवला की खुळखुळतं."

आत्याने मागचं झाकण उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं. अशा घड्याळात अर्धचंद्रासारखं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि घड्याळाला आपोआप चावी मिळते. ते ज्या आसावर फिरतं, तोच झिजला होता. वजन एका बाजूला कलून झाकणावर घासत होतं.

"घड्याळ घालून ड्रम वाजवता?"

"मग थांबायचं कधी ते कसं कळणार?"

"शेजारी सांगतील की!"

तसला आस आता विकत मिळत नव्हता. आत्याने छोट्या लेथवर पोलादाचा नवा घडवला, मोहरीएवढा. कडक करून, घासूनपुसून लख्ख केला. घ्यायला आलेला ड्रमवाला नेमका बघायला वाकला, आत्या दचकली आणि आस चिमट्यातून टुणकन उडाला. दोघं टॉर्च घेऊन जमिनीवर रांगले, दोनदा डोकी आपटली. आस काही सापडला नाही.

संध्याकाळी ड्रमवाला पुन्हा दारात हजर. भर थंडीत नुसत्या शर्टावर, कुडकुडत. दोन्ही हातांत ताट आणि ताटात स्वेटर.

"विणीत अडकलाय. हलवला नाही हं मुळीच!"

आत्याला हसू आवरेना. आस बसला, खुळखुळ थांबली. ड्रमवाल्याच्या चकरा मात्र थांबेनात. कधी घड्याळ मागे पडायचं, कधी पुढे पळायचं. शेवटी आत्या म्हणाली, "अहो, हे ठणठणीत आहे."

"माहितेय."

"मग?"

"माझंच डोकं ठिकाणावर नाही."

आत्याने भिंग काढून त्याला नीट पाहिलं. "ते माझ्या कामात बसत नाही," ती म्हणाली. "पण ठेवून जा, बघते."

असा तो आमचा काका झाला.

दुरुस्त केलेलं घड्याळ हातावर घालून तपासावं लागतं. ड्रम वाजवत तपासायला आत्याची सक्त मनाई, म्हणून तिने त्याला दुसरी कामं लावून दिली. झाडू मारायचा, कपडे वाळत घालायचे, मग त्यांच्या घड्या. दोन्ही मनगटांवर घड्याळं घालून काका घड्या घालत बसतो आणि आत्या अधूनमधून त्याचे हात धरून वेळ तपासते. जरा जास्तच वेळ धरते, असं आई म्हणते.

परवा शेजारची काकू खिडकीतून बराच वेळ हे बघत होती. मग हळूच आत येऊन म्हणाली, "अगं, एखादं जुनं घड्याळ जास्तीचं असेल तर दे ना. आमच्या ह्यांच्या हातात घालून बघते."