चार बोटं

चुकून कुणाला पाय लागला, तर आपण वाकून त्या माणसाला हात लावतो आणि हात छातीशी नेतो. आमच्या कचेरीतले काका हे सावलीला करायचे. तुमच्या सावलीवर त्यांचा पाय पडला, की ते वाकायचे, फरशीला बोटं टेकवायचे, हात छातीशी न्यायचे आणि तुमच्याकडे नाही, सावलीकडे बघून म्हणायचे, "माफी असावी."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांचं काहीतरी पडलंय. मीही वाकून शोधू लागलो.

"काय हरवलं?"

"काही नाही. तुमच्या डोक्यावर पाय दिला मी," असं म्हणून ते पुढं गेले.

आमची कचेरी उज्जैनला, देवास गेटजवळ. मी नवा लागलो तेव्हा ते आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि रजिस्टरला चढवायचा, हे त्यांचं काम. सकाळी आल्याबरोबर शिक्क्याचं चाक एक घर पुढं. सगळी कचेरी त्यांना बाबूजी म्हणायची. मराठी आम्ही दोघंच, म्हणून मी काका म्हणायचो.

संध्याकाळी बसस्टँडवर त्यांना बघायला मजा यायची. उन्हं उतरलेली, माणसांच्या सावल्या लांबच लांब, आणि काका त्यांतून वाट काढताहेत. एक पाय इकडे, एक तिकडे, मध्येच थबकणं. पाच मिनिटांच्या रस्त्याला त्यांना पाव तास लागे. ऑटोवाले हाक द्यायचे, "क्यों बाबूजी, आज कौन-सा डान्स है?"

"अरे भैया, इतनी सारी परछाइयाँ," काका म्हणायचे, "किस-किस से माफी माँगूँ!"

एकदा मी विचारलंच, "काका, सावलीला काय दुखतं?"

"नाही दुखत, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मग म्हणाले, "माणूस जातो. चार जण येतात, उचलून नेतात. तिला कोण नेतं?"

हे ते चहाचा घोट घेता घेता, दर वाढल्याची बातमी सांगावी तसं म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस रिकाम्या खोलीत शिरताना मी आधी जमिनीकडे बघत असे.

कचेरीच्या आवारात एक लोखंडी नळी रोवलेली आहे, माणसाच्या उंचीची. तिच्यावर म्हणे कधीकाळी सूचनांचा फलक होता. फलक गेला, नळी राहिली. तिच्यापासून उत्तरेकडे फरशीवर पांढऱ्या ऑइल पेंटचे हरभऱ्याएवढे ठिपके होते. दर महिन्याच्या एक, अकरा आणि एकवीस तारखेचा एकेक. नोकरीच्या पहिल्या वर्षात काकांनी ते स्वतः काढले होते आणि रंग उडाला की पुन्हा भरत होते.

दुपारी ते नळीपाशी जाऊन उभे राहत. घड्याळात बारा वाजले तेव्हा नाही. "ते दिल्लीचे बारा," म्हणायचे. "उज्जैनचे बारा सवडीनं वाजतात." कधी सव्वाबारा, कधी बारा चाळीस. सावली सर्वांत आखूड झाली, की झाली दुपार. ठिपक्याचा दिवस असला तर सावलीचं टोक नेमकं त्यावर यायचं, आणि काका म्हणायचे, "चला, तारीख बरोबर आहे." मग हात धुऊन डबा उघडायचे. ठिपका नसेल त्या दिवशी नुसते उभे राहायचे. "रोज एक बोट सरकते. घाई नाही, आळस नाही. आपल्या दफ्तरात अशी एकच आहे."

मीही कधीकधी त्यांच्या शेजारी उभा राहायचो. तुम्हीही कधी उभे राहून बघा. पाच मिनिटांत काहीच घडत नाही, आणि आपण परत येतो तेव्हा डोकं धुतल्यासारखं हलकं झालेलं असतं.

वर्षातून एक दिवस त्यांची चैन असायची. जूनच्या एकवीसला आमच्याकडे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ढग नसले तर त्या दिवशी काका हात मागं बांधून सबंध आवारात ढांगा टाकत फिरत. राजासारखे. "आज मोकळं चालता येतं हो. कुणाला लागत नाही."

आता जे सांगायचं ते सांगतो. सोळा वर्षं कचेरीत कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारी होता. अकरा तारीख सोमवारी येत होती. शनिवारी कचेरी अर्धी रिकामी असताना मी ब्लेडनं अकराचा ठिपका खरवडला आणि नळीच्या बाजूला चार बोटं सरकवून नवा काढला. रंगाचा डबा त्यांच्याच कपाटामागं होता. कारण विचाराल तर काही नाही. त्यांचा चेहरा बघायचा होता. मग हसून सांगणार होतो, काका, फसलात.

सोमवारी ते गेले. मी खिडकीतून बघत होतो. सावली आखडत आली आणि नव्या ठिपक्यापर्यंत न पोचता चार बोटं आधीच थांबली. काका उभेच राहिले. सावली पुन्हा लांबायला लागली तरी उभेच. मग आत आले, डबा न उघडता खुर्चीवर बसले, शिक्का उचलला आणि चाक मागं फिरवू लागले. एक घर, दोन, तीन, चार; बोटाला एक दिवस. कुणाला एक शब्द विचारला नाही. दुपारची सगळी डाक त्यांनी सात तारखेची म्हणून घेतली.

सबंध कचेरीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सकाळी स्वतः फिरवलेल्या चाकावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. तिच्यावर ठेवला.

मला हसू आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मुदतीचे कागद होते त्यात, नऊ तारखेला लिहिलेले अर्ज सातला पोचलेले दिसत होते. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाबूजी, तबीयत तो ठीक है ना?" दार उघडं होतं. मी तीन हातांवर बसलो होतो.

त्या दुपारी काका नळीकडे गेले नाहीत. माझ्या टेबलाशी आले.

"सावली चुकत नाही," ते म्हणाले. "म्हणजे ठिपका चुकलाय. ठिपका मी काढलाय. आणि मला तर वाटतं दर वर्षी जुळायचा." मग आवाज उतरवून, "आमच्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी तारीख गेली. मग वार. मग आम्ही. म्हणून तर मी रोज जाऊन बघायचो, माझं ठिकाणावर आहे ना."

ठिपका दुसऱ्या कुणी हलवला असेल, ही शंका त्यांना शिवली नाही. आपल्या दफ्तरातल्या माणसांबद्दल त्यांचं मत तसं चांगलं होतं.

"काका..." मी म्हणालो.

"बोला ना."

"चहा घेणार?"

एवढंच. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. पुढच्या आठवड्यात, सगळे गेल्यावर, मी माझा खोटा ठिपकाही खरवडून टाकला. तोवर काकांनी त्या ओळीकडे बघणं सोडलं होतं. चार महिन्यांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नोकरीची चार वर्षं शिल्लक होती. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी शिक्का माझ्या हातात ठेवला. "चाक आता तुम्ही फिरवा. माझा भरवसा नाही."

तेव्हापासून ते टेबल माझं आहे.

त्यांचा आजार खरोखरच आला, पण तो बराच नंतर, पाचएक वर्षांनी. डॉक्टर म्हणाले, तो यायचाच होता. मी या वाक्याला फार दिवस धरून बसलो. पण आजार येण्याआधीची चांगली पाच वर्षं त्यांनी तो आलाय असं समजून काढली, ती माझ्यामुळे.

शेवटी एका रविवारी नानाखेड्याला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसले होते. मला ओळखलं नाही, पण "या, या" म्हणाले आणि माझी सावली जिथं पडत होती तिथून आपले पाय उचलून खुर्चीवर घेतले. तेवढं विसरले नव्हते.

मी सगळं सांगितलं. ब्लेड, डबा, चार बोटं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

काका पुढं वाकले. "म्हणजे माझा ठिपका बरोबर होता?"

"बरोबर होता, काका."

"आणि ती?"

"तीही बरोबर होती. मी खोटा होतो."

"अगं, ऐकलंस का?" ते ओरडलेच. "माझा ठिपका बरोबर होता!" लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले. माझ्याकडे, म्हणजे जो खोटा होता त्याच्याकडे, त्यांचं लक्षच नव्हतं.

अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "आपण कोण? आवक-जावकचे का? माझा एक ठिपका चुकला होता हो तिथं."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तितकेच हरखले. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. दोन वर्षं जात होतो. दर वेळी मी पहिल्यापासून गुन्हा कबूल करायचो आणि दर वेळी त्यांना पहिल्यांदाच आनंद व्हायचा. लाजेनं सांगतो, मला त्याची गोडी लागली. वाटायला लागलं, फिटतंय.

एकदा जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या काकू म्हणाल्या, "येत जा. ऐकून त्यांची ती दुपार चांगली जाते. पण माझ्याकडे असं बघू नका, भाऊ. मी विसरत नाही."

काका मागच्या थंडीत गेले. घरी गेलो. काकूंनी पाणी दिलं, खुर्ची दिली. त्यांच्या खिडकीखाली ऊन पडलं होतं. त्या उन्हाच्या तुकड्यावरून कुणी चालत नव्हतं. मीही वळसा घालून गेलो. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

आवारातले बाकीचे ठिपके आता पुसट झालेत. एक मात्र दिसतो. सकाळी फरशी धुतली, की मी खरवडलेली ती जागा ओल्यात फिकट होऊन वर येते, हरभऱ्याएवढी. वर्षानुवर्षांचा रंग दगडात मुरला होता. माझा ठिपका ओल्यातही दिसत नाही. आणि दर अकरा फेब्रुवारीला भरदुपारी, काही नसलेल्या त्या जागेवर सावलीचं टोक येतं आणि क्षणभर थांबतं. मी समोर उभा असतो. "तारीख बरोबर आहे," हे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यंदा जूनच्या एकवीसला आकाश मोकळं होतं. कचेरीतली नवी पोरं फोन घेऊन आवारात उतरली, पायाखाली गेलेल्या सावल्यांचे फोटो काढायला. नळीची सावली तिच्याच बुंध्यात विरून गेली होती. फरशी चहूकडे लख्ख, एक डाग नाही. मला काकांची ढांग आठवली. मी हात मागं बांधले आणि चालायला लागलो.

सातव्या-आठव्या पावलाला थांबलो. पायाखाली काहीतरी आलं होतं. टोचलं नाही, बोचलं नाही. अंधारात झोपलेल्या माणसाचा हात पायाला लागावा, तसं. खाली पाहिलं. फरशी तापली होती आणि मी उभा होतो तेवढीच, बशीएवढी जागा थंड होती.

मी वाकलो. बोटं टेकवली, हात छातीशी नेला.

"क्या हुआ सर, कुछ गिर गया?" एकानं विचारलं.

"नहीं," मी म्हणालो. "किसी पर पैर पड़ गया."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. आवारात कुणाचीच सावली नव्हती. तरी त्यानं माझ्यासाठी वाट सोडताना ती जागा ओलांडली नाही, वळसा घालून गेला.