तिखट हात

शेवटच्या संध्याकाळी मी आणि बायको अंगणात मिरचीचे देठ खुडत बसलो. खाटेवर पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, पण दवाखान्यात मरायचं नाही, हा हट्ट. तिला उठवून बसवलं घरी येणाऱ्या नर्सबाईनं. पाड्यावरची पोर, शिकून रजिस्टर नर्स झालेली, स्कूटीवर यायची. मी बायकोची कूस बदलायला गेलो की ही पोर ओरडायची, “बाबा, तिखट हात! पहिले तेल चोळा!”

मी विचारलं, “दवाखानानी नोकरी कसाले सोडी?”

“तठे दवाखानामा पेशंट मन्हं ऐकस, बाबा. आठे घरमा मी आजीनं ऐकस.”

आज त्या पोरीच्या हाताखाली चार नर्सा घरोघर फिरतात.

मिरच्या खुडल्या त्याच रात्री, पहाटे बायको घरातच गेली. पाठीवर एकही जखम उरली नव्हती. सकाळी तिला आंघोळ घालायला मीच बसलो. आधी हातांना तेल चोळलं.