मावशीच्या मसाल्याचा पत्ता कुणाच्या नावावर?

लालबागची मसाला गल्ली बघायला मी कधीतरी जाणारच होते, पण निघाले ती मावशीच्या फोनमुळे. "अगो, माझ्या नावान कोणतरी मसालो विकता हा! लोक माका गाळी घालतत!" करी रोडला राहणारी सुमनमावशी घरचा मालवणी मसाला विकते. तिची छोटीशी वेबसाइटही होती. दुसऱ्याच सकाळी चिपळूणहून गाडी पकडली.

दादरला उतरून भुयारी मेट्रोने गिरगाव गाठलं. तिकीट वरूनच काढा, खाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. साबुदाणा वडा आणि वर थंडगार पीयूष, दोनशेच्या आत पोट गच्च. मग तिथेच राहणाऱ्या, मावशीच्या ओळखीतल्या मोहनरावांकडे गेले. वेबसाइट त्यांनीच बनवून दिली होती.

"वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, माझ्याच नावावर होता," ते कसेबसे म्हणाले. "नूतनीकरणाच्या सूचना माझ्या ऑफिसच्या ईमेलवर यायच्या. निवृत्त झालो, ईमेल बंद झाला. मुदत कधी संपली, कळलंच नाही हो."

"पण आपण तो विकत घेतला होता ना?"

"विकत कुणालाच मिळत नाही. भाड्यानेच असतो. मुदत संपली की नाव देणारी कंपनी थोडे दिवस वाट बघते, मग जगातला कुणीही उचलू शकतो."

 इतकी वर्षं आम्ही त्याला 'मावशीची वेबसाइट' म्हणत होतो!

टॅक्सीने लालबागला आले. मसाला गल्लीत शिरताना नाकाला रुमाल हवाच. मिरच्यांचे ढीग, कांडपाचा धडधडाट आणि डोळ्यांना धार. एरवी तासभर रेंगाळले असते, पण सरळ पुढे करी रोडला मावशीचं घर गाठलं. तिथे दारातच एक बाई तिच्या अंगावर ओरडत होत्या. वडाळ्याहून आल्या होत्या. पैसे भरले, मसाला आलाच नाही, म्हणून जुन्या पुडीवर छापलेला घरचा पत्ता शोधत आलेल्या.

"हा फोटो तुमचा नाही?" त्यांनी मोबाइल पुढे धरला.

मी वाकून बघितलं. मावशीचा हसरा चेहरा, मी लिहिलेला मजकूर, सगळं जसंच्या तसं. फक्त फोन नंबर आणि पैसे भरायचा कोड परका.

"फोटो माझोच," मावशी म्हणाली. "पण ह्या दुकान माझा न्हय, बाय."

त्या बाईंचा विश्वास बसला नाही. त्या गेल्यावर मावशी जेवलीच नाही. तिने केलेली बांगड्याची कढी मी तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दादरला वकील नीलिमाताईंकडे गेले. मी विचारलं, "वेबसाइटच्या ह्या नावांचा मालक कोण? सरकार?"

"मालक असा कुणी नाही. नावांचे नियम ठरवणारी एक जागतिक संस्था आहे. तिच्याखाली नावाच्या प्रत्येक शेपटीची, म्हणजे शेवटच्या डॉट कॉम, डॉट इनची नोंद ठेवणारे, त्यांच्याखाली नावं भाड्याने देणाऱ्या कंपन्या. आपल्या देशाची शेपटी असती, तर नियम इथले. तुमचं नाव जागतिक शेपटीचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वाद लवादापुढे. नाव मावशींच्याच धंद्याचं, त्या माणसाचा त्यावर हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं, हे तिन्ही दाखवायचं. फसवणुकीसाठी सायबर पोलीस वेगळे."

"तो रवता खय?" मावशीने विचारलं.

"नोंदीत त्याचं नाव झाकलेलं आहे."

 मावशीचा चेहरा जगभर उघडा आणि त्याचं नाव झाकलेलं! तक्रारी तिथेच बसून केल्या.

आता चिपळूणला परतून बरेच दिवस झालेत. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती बनावट पानं होती, तिने आमच्या तक्रारीनंतर ती काढून टाकली. पत्ता मात्र अजून त्याच्याकडेच आहे, लवादाचा निकाल यायचाय. मसाल्याची चव राहिली, गल्लीचा ठसका राहिला, पण त्याहून जास्त राहिला तो दारात ओरडणाऱ्या त्या बाईंचा आवाज. काल मावशीने फोनवर वेबसाइटच्या नावाचं काही विचारलंच नाही.

"माझो फोटो थयसून काढल्यान मां?" एवढंच म्हणाली.

मी पुन्हा एकदा तो पत्ता उघडून बघितला. पान पांढरंफटक होतं.

"काढला गं," मी म्हटलं. पलीकडे ती किती तरी वेळ रडत होती.