गोटी सोड्याचा इतिहास आणि माझं बोट

शहाद्यात गोटी सोडा माझ्या वडिलांनी आणला. शाळेत इतिहास शिकवताना मी हे एकतीस वर्षं सांगत आलो आणि कुणीही पुरावा मागितला नाही. (पेपर मीच तपासायचो.)

मागच्या उन्हाळ्यात ब्राह्मणपुरीहून मुलीकडची मंडळी आमचं घर पाहायला येणार होती. माझा मुलगा प्रशांत आणि त्यांची हर्षदा यांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. अडलं होतं तिच्या आजोबांपाशी. त्यांनी मान हलवल्याशिवाय त्या घरात केळीचा घडसुद्धा उतरत नाही, असं प्रशांत म्हणाला. चहा द्यावा, पोहे द्यावेत आणि बाबांनी कमी बोलावं, एवढीच त्याची विनंती होती. त्यातले पोहे मला मान्य होते.

चहाऐवजी मी गोटी सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट आणला. गोटी दाबायची लाकडी खुंटी दुकानदार सोबत देत होता, ती मात्र परत केली. आमचे वडील बोटानं गोटी दाबायचे, आणि रक्त तर तेच!

मंडळी स्थिरावल्यावर मी बाटली घेऊन उभा राहिलो. ती विलायतेत कशी निघाली, तिथून मुंबईला, मुंबईहून सुरतेला कशी पोचली, हे सांगत मी तापीच्या काठाकाठानं शहाद्यापर्यंत आलो. तिथं वडिलांचं नाव घेतलं आणि बाटलीत बोट दाबलं. फट्ट आवाज झाला. गोटी आत गेली, निम्मा सोडा आजोबांच्या धोतरावर गेला आणि माझं बोट बाटलीतच राहिलं.

मुरलेला मास्तर अशा वेळी तास सोडत नाही. मी बाटलीनंच भिंतीवरचं वडिलांचं छायाचित्र दाखवलं. पोहे डाव्या हातानं खाल्ले. पण आमच्या सौभाग्यवतींनी बाटली पाहिली, बोट पाहिलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "आते तरी गप बसा."

मग उपचार सुरू झाले. आधी शेंगदाण्याचं तेल ओतलं. नंतर प्रशांतनं बाटली धरली आणि होणाऱ्या व्याह्यांनी माझी कंबर. दोघांनी ओढलं तसं बोट वांग्यासारखं सुजलं. मुलीच्या बापानं पहिल्याच भेटीत वराच्या बापाला कवेत घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तेव्हा आजोबा बोलले.

"मास्तर, शहादामा सोडाना कारखाना मन्हा काकाना व्हता. तुमना बाप तठे बाटल्या धोये."

मी संदर्भ विचारणार होतो, पण बाटली हातात असताना ते शोभलं नसतं.

"आनी तेन्हं बी बोट असंच आडकेल व्हतं," आजोबा पुढे म्हणाले. "त्या दिनपाईन काकानी लाकडानी खुंटी ठेवी."

शेवटी हर्षदा उठली. तिनं सगळ्यांना ओढणं थांबवायला लावलं, मला हात डोक्यावर धरून बसवलं आणि बोटाला बर्फ लावला. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा मी पंधरा मिनिटं तसाच बसून होतो. सूज उतरल्यावर तिनं साबणाचं पाणी सोडून बाटली हलकेच फिरवली आणि बोट सुटलं. वडिलांचा मात्र सगळा इतिहास गेला.

आजोबा हसायला लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग धोतर झटकत उठले आणि आपल्या मुलाला, म्हणजे हर्षदाच्या वडिलांना, म्हणाले, "पोर आठेच देवानी. तिले हसाले कमी पडाव नही."

लग्न थाटात झालं. सूनबाई सुखात आहेत. मी जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही, पण अख्खी ब्राह्मणपुरी आज मला 'बाटलीवाला व्याही' म्हणून ओळखते.